गोळी घरंगळते, घसरत नाही : विज्ञानाचा खरा इतिहास वर्गात आणावा का?

उतरती_फळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज एक जुनं ओझं उतरवायला आलोय.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. गेली बारा वर्षं दरवर्षी उतारावरून गोळी सोडायचा प्रयोग करून घेतो. दोन मीटरची फळी, तिच्या मधोमध खाच, एक टोक दहा सेंटिमीटर उचललेलं, पोलादी गोळी आणि स्टॉपवॉच. आमचा हिशेब असा : उतार विसास एक, म्हणून त्वरण ९.८ चा विसावा भाग, म्हणजे ०.४९ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन मीटर जायला २.८६ सेकंद लागायला हवेत. मुलांना दरवर्षी साडेतीनच्या आसपास मिळतात. मी दरवर्षी म्हणतो, "घर्षणामुळे." मुलं वहीत 'घर्षणामुळे' लिहितात आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो.

यंदा एक मुलगी उठून म्हणाली, "सर, गोळी घसरत नाहीये, घरंगळतेय. फिरायलाही ऊर्जा लागणारच ना? ती तुम्ही धरली कुठे?"

धरलेली नव्हती. बारा वर्षं! भरीव गोळी न घसरता घरंगळली तर तिच्या ऊर्जेचे सात भाग करा, पाच पुढे सरकण्यात जातात आणि दोन स्वतःभोवती फिरण्यात. त्वरण ५/७ पट होतं, म्हणजे ०.३५. वेळ येते ३.३८ सेकंद. हा हिशेब मला येत होता, याच वर्गाला दोन धडे पुढे मीच शिकवतो. पण 'गॅलिलिओचा प्रयोग' म्हटलं की डोक्यात घसरणारा ठोकळा यायचा.

घरी जाताना दुसराच विचार सुरू झाला. मग खुद्द गॅलिलिओचं काय झालं? फिरण्याच्या ऊर्जेचा हिशेब त्याच्या काळी नव्हताच. फिरणाऱ्या घन वस्तूचं गणित बसवलं अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने. म्हणजे त्याच्याही आकड्यांतून दोन सप्तमांश गळत असणार आणि ते कुठे जातात हे त्याला कळायची सोय नव्हती. मग त्याने पडणाऱ्या वस्तूंचा नियम काढला कसा? आणि आपण वर्गात जी गोष्ट सांगतो ती नक्की कोणाची?

इथे इतिहासवाले, गणितवाले, शिकवणारे सगळेच आहेत. सांगा.

काठावरचा

वाचनखूण साठवली. त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

जुनी_हस्तलिखितं

उतरती_फळी सर, नियम कसा काढला याचं अर्धं उत्तर सोपं आहे. ५/७ हा ठरावीक गुणक आहे. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे सांगायला त्याची गरज पडत नाही. प्रत्येक अंतर सारख्याच पटीत कमी झालं तर १, ४, ९, १६ हे गुणोत्तर जसंच्या तसं राहतं. गॅलिलिओला गुणोत्तर हवं होतं, गुरुत्वत्वरणाचा आकडा नको होता. आकडा काढायला बसला तेव्हा मात्र तो चांगलाच फसला. १६३२ च्या ग्रंथात त्याने पाच सेकंदांत शंभर हात पडणाऱ्या गोळ्याचा हिशेब दिलाय. त्याचा हात साधारण ५८ सेंटिमीटरचा धरला तर त्वरण येतं पावणेपाचच्या आत, आजच्या आकड्याच्या निम्मं. मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने तेव्हाच त्यावर बोट ठेवलं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे आमच्या क्षेत्रातलं एक गाजलेलं भांडण आहे. १६३८ च्या ग्रंथात गॅलिलिओ तपशील देतो : बारा हात लांब तुळई, तिच्यात कोरून गुळगुळीत केलेली खाच, खाचेत चर्मपत्र चिकटवलेलं, कठीण काशाची गोळी, आणि वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं. भांड्याच्या बुडाला बारीक नळी. गोळी सुटली की नळी उघडायची, पोचली की बंद करायची आणि साचलेलं पाणी तराजूत तोलायचं. शंभर वेळा केलं, नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडला नाही, असं तो म्हणतो.

१९५३ मध्ये अलेक्सांद्र कोयरे या मोठ्या इतिहासकाराने याची खिल्ली उडवली. असल्या साधनांनी असली अचूकता शक्य नाही, हे प्रयोग मुख्यतः गॅलिलिओच्या डोक्यात झाले, असा त्याचा सूर. पुढची काही वर्षं शहाण्या लोकांत हेच मत चाललं. मग १९६१ मध्ये थॉमस सेटल या विद्यार्थ्याने फळी, गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन प्रयोग करून पाहिला. जमला. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत पकडता येत होती. एका फळीने मोठ्या विद्वानाचं मत पाडलं, याचा मला आजही आनंद होतो. (कोयरे बाकी थोरच, गैरसमज नको.)

पण जमण्यासारखा होता म्हणजे गॅलिलिओने केलाच होता, असं सिद्ध होत नाही. तो पुरावा पुढच्या दशकात स्टिलमन ड्रेक या इतिहासकाराने फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातल्या सुट्या कागदांवरून मांडला. एका पानावर १ ते ८ आकडे, शेजारी त्यांचे वर्ग आणि तिसऱ्या रांगेत हे : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. पहिल्याला वर्गांनी गुणून पाहा.

अपूर्णांक

पाहिलं. ३३ पट वर्ग : ३३, १३२, २९७, ५२८, ८२५, ११८८, १६१७, २११२. पानावरच्या आकड्यांशी फरक दोन, एक, दोन, एक, चार, तीन, आठ. शाई लागलेल्या हातांनी मोजलेले आकडे आहेत हे, गणित करून लिहिलेले नाहीत. अंगावर काटा आला.

जुनी_हस्तलिखितं

एकक 'पुंतो', मिलिमीटरहून जरासं लहान. ड्रेकचा अंदाज मजेशीर आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचे, संगीतावर लिहायचे. घरात ताल मुरलेला. ड्रेक म्हणतो, त्याने वेळ मोजलीच नाही. फळीवर तंतुवाद्यावर बांधतात तशा तातेच्या गाठी बांधल्या, एका लयीत गुणगुणत गोळी सोडली आणि प्रत्येक ठोक्याला गोळी गाठीवरून 'टक्' करेपर्यंत गाठी सरकवल्या. शेवटी अंतरं मोजली. सारख्या वेळा पकडण्यात आपला कान डोळ्यापेक्षा फार तिखट असतो.

दोन_ठोके

तबला शिकलेल्या कोणालाही हे पटेल. लय किंचित हलली की आधी पोटात कळतं, मग डोक्यात. सेकंद किती झाले हे मात्र सांगता येणार नाही.

शंकेखोर

कथा सुंदर आहे, म्हणूनच मला शंका येते. ड्रेकच्या मांडणीत उतार पावणेदोन अंशांच्या जवळपास आणि ठोका अर्ध्या सेकंदाहून किंचित मोठा, असं वाचल्याचं आठवतं. मी हिशेब केला. उतार १.७ अंश, ठोका ०.५५ सेकंद, वर ५/७ लावलं, तर पहिल्या ठोक्यात ३१ मिलिमीटर, म्हणजे ३३ पुंतो. डोळे दिपतात. आता ५/७ काढून टाका : ४४ मिलिमीटर, म्हणजे ४७ पुंतो. झालं सिद्ध, गोळी घरंगळत होती!

पण थांबा. अंतरात वेळेचा वर्ग येतो. ठोका ०.५५ ऐवजी ०.४६ धरला तर ५/७ शिवायही ३३ च येतात. गुणगुणण्याची लय इतकी पक्की कोणी नोंदवली आहे? आकड्यांवरून ठोका ठरवायचा आणि ठोक्यावरून आकडे जुळले म्हणायचं, हे आपल्याच शेपटीमागे धावणं झालं. गुणोत्तर पक्कं, मान्य. बाकी काहीही या पानावरून ठरत नाही.

सरांच्या साडेतीन सेकंदांचंही तेच. स्टॉपवॉचवर बोटाची दिरंगाई दोन दशांश सेकंद सहज असते.

उतरती_फळी

शंकेखोर, बोटाचा मुद्दा मान्य. तरी एक खटकतंय. सरासरी ३.३८ च्या वरच राहते, खाली कधी येत नाही. दिरंगाई दोन्ही टोकांना असते, ती एकाच बाजूला का झुकावी?

जुनी_हस्तलिखितं

शंकेखोर यांचा आक्षेप अगदी वाजवी आहे आणि ड्रेकवर तो घेतलाही गेलाय. त्या पानाचा अर्थ आणि काळ दोन्हींवर अजून वाद आहेत. पण त्याच गठ्ठ्यात एक पान असं आहे जिथे घड्याळच लागत नाही. पान ११६, मागची बाजू.

चित्र असं : गोळी उतारावरून येते, टेबलाच्या कडेवरून आडवी सुटते आणि जमिनीवर पडते. टेबलाची उंची ८२८ पुंतो. उतारावरची उंची बदलायची आणि गोळी किती लांब पडते ते मोजायचं. आकडे :

उंची ३००, अंतर ८००
उंची ६००, अंतर ११७२
उंची ८००, अंतर १३२८
उंची ८२८, अंतर १३४०
उंची १०००, अंतर १५००

त्याच पानावर त्याने पहिल्या आकड्यावरून पुढचे किती यायला हवेत हेही काढलंय : ११३१, १३०६, १३२९, १४६०. आणि फरक लिहिलेत : ४१, २२, ११, ४०. आपल्या अपेक्षेपेक्षा निसर्ग किती हटला याची नोंद ठेवणारा माणूस. 'प्रयोग डोक्यात झाले' म्हणणाऱ्यांनी हे पान बघितलं असतं तर!

अपूर्णांक

थांबा थांबा, हे मला करू द्या.

गोळी घर्षणाशिवाय घसरत आली असती तर अंतर = २ × (दोन्ही उंचींच्या गुणाकाराचं वर्गमूळ). वेळ उडून जाते, गुरुत्वत्वरणही उडून जातं. उरतात फक्त लांब्या. शंकेखोर, आता लयीला दोष देता येणार नाही.

३०० साठी घसरणारी गोळी ९९७ वर पडायला हवी, पडली ८०० वर. ८२८ साठी हिशेब तोंडी होतो, दोन्ही उंची सारख्या, म्हणून बरोबर दुप्पट, १६५६. पडली १३४० वर.

मिळालेलं भागिले घसरणारं : ०.८०, ०.८३, ०.८२, ०.८१, ०.८२.

घरंगळणाऱ्या गोळीचा वेग ५/७ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ०.८४५ पट व्हायला हवा. पाचही आकडे त्याच्या खाली, पण एकाच पट्ट्यात बसलेत. एकाच्या जवळ कोणीही नाही. सरांची हरवलेली ऊर्जा चारशे वर्षांपूर्वीच्या कागदावर हरवलेलीच सापडली!

शंकेखोर

हे मात्र मानलं. टोपी काढली.

शेपूट उरलंच : ०.८४५ च्याही खाली का? उताराच्या तळाशी गोळी आडवी वळताना काही वेग गेला असणार. तो वळण कसं देत होता हे चित्रावरून स्पष्ट होत नाही.

उतरती_फळी

तळाशी वेग जात असेलच. पण मला दुसरं सुचतंय, त्यात माझा स्वार्थही आहे. खाच!

खाचेतली गोळी बुडावर टेकत नाही, दोन कडांवर टेकते. म्हणजे ती आपल्या पूर्ण त्रिज्येवर चालत नाही, थोड्या लहान त्रिज्येवर चालते. तेवढंच अंतर कापायला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात आणि फिरण्यात जास्त ऊर्जा जाते. आत्ता उठून आमची फळी मोजली. गोळीची त्रिज्या एक सेंटिमीटर, खाचेची रुंदीही एक सेंटिमीटर. मग चालण्याची त्रिज्या ०.८७ सेंटिमीटर. गुणक ५/७ ऐवजी येतो ०.६५. त्वरण ०.३२, वेळ ३.५४ सेकंद.

साडेतीन!! बारा वर्षं मुलं बरोबर मोजत होती आणि मी त्यांना चूक ठरवत होतो.

अपूर्णांक

आणि ०.६५ चं वर्गमूळ ०.८१. गॅलिलिओच्या पट्ट्यात बरोब्बर. अर्थात त्याच्या खाचेची रुंदी आणि गोळीची त्रिज्या आपल्याला ठाऊक नाही, म्हणून इथे नाचायला नको. पण पाय थरथरताहेत हे कबूल.

काठावरचा

मी कॉमर्सचा. निम्मं डोक्यावरून गेलं, तरी दोन तास हलता आलं नाही.

तास_संपला

सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घालतो, माफ करा. मीही शिकवतो. धडे ठरलेले, तास ठरलेले, परीक्षेत प्रश्न ठरलेला. 'गॅलिलिओने काय सिद्ध केले?' याचं उत्तर दोन ओळींत हवं असतं. तिथे मी कोयरे, सेटल, ड्रेक, पान ११६ घेऊन बसलो तर मुलं उत्तरपत्रिकेत ते लिहिणार आणि मार्क घालवणार. गोष्ट खोटी असेल, पण ती दांडीसारखी असते, मुलं तिला धरून वर चढतात. झुकत्या मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले हे खरं की खोटं, याने पडणाऱ्या वस्तूचं गणित बदलतं का?

दुसरं, 'खरा इतिहास' म्हणजे तरी काय? आज ड्रेक, उद्या आणखी कोणी.

अपूर्णांक

तास_संपला, गणितात मी तुमच्याच बाजूने बोलायचो. गाउसची गोष्ट घ्या : मास्तरांनी १ ते १०० बेरीज दिली, पोराने क्षणात ५०५० लिहिलं. मीही दरवर्षी सांगतो. मूळ कथा त्याच्या मृत्यूनंतर १८५६ मध्ये सार्टोरियसने लिहिली, म्हाताऱ्या गाउसच्या तोंडून ऐकलेली. तिच्यात १ ते १०० नाहीच! अंकगणिती श्रेढी होती, एवढंच. १०० पुढच्यांनी घातले. इथे मी म्हणेन, घालू द्या. गणित तेच राहतं, युक्ती तीच राहते. ही गोष्ट निरुपद्रवी.

पण सगळ्याच तशा नसतात. अनंत श्रेढी शिकवताना आपण म्हणतो, आधी लिमिट, मग अभिसरण, मग पायची श्रेढी : १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७... याची चौपट पाय. मुलं दहा पदं बेरजून बघतात, येतं ३.०४१८. कंटाळून सोडतात. आता केरळातल्या माधव या गणितज्ञाच्या परंपरेतली माणसं काय करत होती ते बघा. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मल्याळममध्ये लिहिलेल्या 'युक्तिभाषे'त ही श्रेढी उपपत्तीसह आहे. आणि त्याच परंपरेत शेवटच्या पदानंतर घालायचं एक 'संस्कार' पद आहे. श्रेढी जिथे तोडली तिथे उरलेल्या अनंत पदांच्या बदल्यात एक अपूर्णांक जोडायचा : पदांची संख्या भागिले (तिच्या वर्गाची चौपट अधिक एक). दहा पदांसाठी १०/४०१. त्याची चौपट ०.०९९७५. ३.०४१८४ मध्ये मिळवा : ३.१४१५९. दहा पदांत!

एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची आजची काटेकोर व्याख्या, येण्याच्या तीनशे वर्षं आधी ही माणसं 'आपण किती चुकतोय' याचाच हिशेब करत होती. वर्गात मी हा क्रम उलटवला : आधी चूक मोजा, लिमिट मागाहून. मुलांना लिमिट कशाला लागते हे पहिल्यांदा कळलं. हा इतिहास मुलांना धरायला दिलेली दांडी नव्हे, हा वर जायचा जिनाच आहे.

(अवांतर : हे सगळं इथून युरोपात गेलं वगैरे चर्चा कृपया इथे नको. तसा कागद कोणाला सापडलेला नाही, आणि धागा भरकटेल.)

जुनी_हस्तलिखितं

अवांतराला दणदणीत +१.

तास_संपला, खोट्या गोष्टीने प्रश्नच पुसला जातो तेव्हा मला त्रास होतो. प्लांकचं उदाहरण पाहा. पुस्तक म्हणतं, तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचा हिशेब करताना अभिजात भौतिकीने जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) टोकाला अनंत ऊर्जा दाखवली, हाहाकार झाला, म्हणून प्लांकने क्वांटा, म्हणजे ऊर्जेची सुटी पुडकी, आणला. प्रत्यक्षात १९०० च्या ऑक्टोबरमध्ये प्लांकला हलवलं ते दुसऱ्या टोकाने. बर्लिनमध्ये रूबेन्स आणि कुर्लबाउम यांची अवरक्त (इन्फ्रारेड) मोजमापं तोवर चालत असलेल्या वीनच्या सूत्रात बसेनात. रूबेन्स एका रविवारी प्लांककडे आला, त्याने आकडे सांगितले आणि त्याच संध्याकाळी प्लांकने नवं सूत्र जुळवलं. उपपत्ती १४ डिसेंबरला. ती अनंत ऊर्जा दाखवणाऱ्या रॅले-जीन्स सूत्राला आजचं रूप आलं १९०५ मध्ये, आणि त्या 'महासंकटा'ला नाव दिलं एरेनफेस्टने १९११ मध्ये. म्हणजे बारसं अकरा वर्षांनी, आणि आपण सांगतो की त्या बाळाला घाबरून सगळे पळाले.

याने काय बिघडतं? विद्यार्थ्याला वाटतं, सिद्धान्त कागदावर फसतो आणि मग कोणी हुशार माणूस तो कागदावरच दुरुस्त करतो. भट्टीसमोर बसून अवरक्त किरण मोजणारी माणसं गोष्टीतून गायब होतात. सरांच्या वर्गातल्या साडेतीन सेकंदांसारखीच.

दोन_ठोके

यात जूल घाला. पाण्यात वल्हं फिरवून उष्णता मोजली, एका ओळीत आटपतात. त्या प्रयोगात पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरेनहाइट तापायचं! १९९० च्या दशकात सिबुम या इतिहासकाराने तसंच यंत्र बांधून प्रयोग पुन्हा केला, तर माणसाच्या अंगाच्या उबेनेही आकडे हलायला लागले. जूलचं घराणं बिअर गाळणाऱ्यांचं. तापमानावर बारीक नजर ठेवणं तिथल्या हातांत मुरलेलं. ल्यूट काय, भट्टी काय, विद्या अशी आडवाटेने आत येते.

तास_संपला

बरं, प्लांकच्या बाबतीत हार मानतो, कारण तो धडा मी स्वतःही घोकूनच शिकवतो. पण वेळेचा प्रश्न तसाच आहे. पान ११६ ला माझे किती तास जातील?

उतरती_फळी

काल करून पाहिलं, म्हणून सांगतो. एक तास. मी गोष्ट सांगितलीच नाही. पाच उंच्या आणि पाच अंतरं फळ्यावर लिहिली, टेबलाची उंची दिली आणि म्हटलं, हा माणूस कुठे चुकला ते शोधा. गॅलिलिओचं नाव मुद्दाम घेतलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी 'घर्षणामुळे' लिहिलं (पाप माझंच). मग एका बाकावरून आलं, "हातून चूक झाली असती तर कधी कमी, कधी जास्त गेलं असतं ना? इथे सगळीकडे सारखंच गेलंय." त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. परीक्षेचं दोन ओळींचं उत्तर शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलं, तेही लिहून घेतलं त्यांनी.

शंकेखोर

"सगळीकडे सारखंच गेलंय" हे वाक्य माझ्याकडून सुटलं होतं. नोंद घेतली.

सर, आता एक करा. खाच नसलेली फळी घ्या, गोळी भरकटू नये म्हणून कडेला पट्ट्या लावा, पण गोळी त्यांना घासू देऊ नका. तुमच्या हिशेबाने ३.३८ यायला हवेत. खाचेवर ३.५४. फरक ०.१६ सेकंद, स्टॉपवॉचने दिसणार नाही. पाणी तोला.

उतरती_फळी

बुडाला नळी बसवलेली बादली तयार आहे. तराजू रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून घेतलाय, शनिवारपर्यंतच मिळणार आहे. नळी कोणी उघडायची यावरून मुलांत आत्ताच भांडणं सुरू झालीत. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिला गोळी सोडायचीच नाहीये, म्हणते, "मी पाणी तोलणार."

आकडे आले की इथेच टाकतो.

काठावरचा

रविवारी सकाळी हजर आहे.